प्रेरणेचा कार्यक्रम

फेब्रुवारी उजाडला की आमच्या विद्यापीठांना विज्ञानाची आठवण होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला शोध लावला, आणि १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवसाच्या मागेपुढे कुणा थोर शास्त्रज्ञाला पाचारण करण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. निमंत्रणपत्रिकेवरचे वाक्य ठरलेले असते: विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळावी या हेतूने. दीपप्रज्वलन होते. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह होते. पाहुण्यांच्या परिचयात पुरस्कारांची यादी वाचली जाते, तीही पुष्कळदा चुकीच्या उच्चारांसह. व्यासपीठावरील मान्यवर विज्ञानाविषयी बोलून घेतात. मग उरलेल्या वेळात शास्त्रज्ञ बोलतात, वेळेअभावी दोनच प्रश्न घेतले जातात, आणि छायाचित्र निघते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मथळा येतो, 'अपयशाला घाबरू नका'.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात का पडावे, असे कुणी विचारील. आम्हांस वाटते, आम्हीच पडावे. कारण या कार्यक्रमात विज्ञान फार थोडे असते. जे असते ते एक भाषण, एक चरित्र आणि एक भाषा. आणि ही तिन्ही आमच्या अभ्यासाची क्षेत्रे आहेत. शिवाय 'प्रेरणा' हा शब्द आमच्याच घरून तिकडे गेलेला आहे. कवीला प्रेरणा कुठून मिळते, या प्रश्नावर आम्ही काव्यशास्त्राच्या तासांना पिढ्यान्‌पिढ्या डोके खपवले. इतक्या चर्चेनंतर निदान एवढे तरी आम्हांस ठाऊक असायला हवे, की प्रेरणा ही कुणी कुणाला सभागृहात बसवून वाटण्याची वस्तू नाही.

प्रथम त्या भाषणाचे रूप पाहू. ज्यांनी नारदीय कीर्तन ऐकले आहे त्यांना ते ओळखीचे वाटेल. पूर्वरंगात देशाची थोर परंपरा, आर्यभट, भास्कराचार्य, शून्याचा शोध. उत्तररंगात आख्यान, म्हणजे वक्त्याचे स्वतःचे आयुष्य: लहान गाव, कंदिलाचा उजेड, फाटकी पुस्तके, एक देवमाणूस शिक्षक, परदेशी विद्यापीठ आणि शेवटी पद. मधल्या काळात शास्त्रज्ञाने नेमके काय केले, कोणता प्रश्न त्याला सतावत होता, कोणत्या मार्गाने गेल्यावर भिंत लागली, उत्तर चुकले तेव्हा ते चुकल्याचे कसे कळले, हे सारे एका वाक्यात उरकले जाते: 'मी अहोरात्र परिश्रम केले.' संतचरित्रांत भक्ताच्या संकटात देव धावून येतो. येथे परिश्रम धावून येतात. फरक असलाच तर तो कीर्तनकाराच्या बाजूचा आहे. चांगला कीर्तनकार एक अभंग घेतो आणि तो शब्दाशब्दाने उलगडून दाखवतो. श्रोता घरी जातो तेव्हा तो अभंग त्याच्या मालकीचा झालेला असतो. आमचा शास्त्रज्ञ एकही समीकरण, एकही प्रयोग उलगडत नाही, कारण संयोजकांनी त्याला आधीच बजावलेले असते: साहेब, जरा सोपे आणि प्रेरणादायी ठेवा.

येथे शास्त्रज्ञांना दोष देणे अन्याय्य ठरेल. जे मागितले जाते तेच ते देतात. डॉ. अब्दुल कलाम यांचे उदाहरण घ्या. विद्यार्थ्यांपुढे बोलण्याची त्यांची तळमळ खोटी होती असे त्यांचा वैरीही म्हणणार नाही; २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थ्यांसमोर बोलत असतानाच ते कोसळले आणि गेले. 'अग्निपंख' मराठीत घरोघर वाचले गेले. परंतु आमच्या संस्थांनी त्यांच्याकडून जे उचलले ते सर्वांत सोपे होते, हात पुढे करून घेतलेली शपथ आणि स्वप्ने पाहण्याचा उपदेश. अग्निबाणाचे इंधन, पदार्थ, नियंत्रण यांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसांचा समूह कसा उभा राहतो, फसलेल्या उड्डाणानंतर दोष कसा शोधला जातो, हा त्यांच्या आयुष्याचा खरा अभ्यासविषय होता. तो आमच्या कोणत्याही अभ्यासक्रमात आला नाही. शपथ तेवढी आली.

थोर माणूस विद्यापीठात येऊन गेला, तर त्याने मागे काय ठेवले, एवढाच प्रश्न आमच्या मते विचारण्याजोगा आहे. याला इतिहासात फार चांगली उत्तरे सापडतात, आणि त्यांतली दोन मद्रासची आहेत.

१९१४ च्या आरंभी केंब्रिजचे तरुण गणिती ई. एच. नेव्हिल मद्रास विद्यापीठात व्याख्याने देण्यासाठी आले. ती व्याख्याने आज कुणाच्या स्मरणात नाहीत. त्यांच्यावर हार्डींनी एक कामगिरी सोपवलेली होती: पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी केलेल्या श्रीनिवास रामानुजन यांना भेटावे आणि इंग्लंडला येण्यास राजी करावे. नेव्हिल रामानुजनबरोबर बसले, त्यांच्या वह्या पाहिल्या. मग त्यांनी काय केले? सत्काराला उत्तर दिले नाही. विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहिले की या माणसासाठी पैसे मंजूर करा. विद्यापीठाने दोन वर्षांसाठी वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती दिली, शिवाय प्रवासाची आणि कपड्यालत्त्यांची तरतूद केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रामानुजन बोटीत बसले. पाहुण्या व्याख्यात्याने मागे ठेवली ती एक मंजूर झालेली रक्कम.

दुसरे उदाहरण १९२८ चे. म्युनिकचे आर्नोल्ड सोमरफेल्ड भारताच्या दौऱ्यावर असताना मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात व्याख्यानासाठी आले. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तेथे शिकत होते. वय अठराच्या आसपास. सोमरफेल्ड यांचा अणुरचनेवरचा ग्रंथ त्यांनी स्वतःच वाचून काढला होता. व्याख्यानानंतर ते थेट हॉटेलवर जाऊन सोमरफेल्डना भेटले. सोमरफेल्ड यांनी या मुलाच्या पाठीवरून हात फिरवला नाही, स्वप्ने पाहायला सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते असे की, तू माझ्या पुस्तकातून जे शिकलास ते आता जुने झाले आहे. हायझेनबर्ग, श्रोडिंगर, डिरॅक यांनी गेल्या दोनतीन वर्षांत सगळे बदलून टाकले आहे. आणि मग धातूंमधील इलेक्ट्रॉनांवरच्या आपल्या नव्या, अजून छापून न आलेल्या लेखाची मुद्रिते त्याच्या हाती ठेवली. चंद्रशेखर यांनी ती अभ्यासली, ग्रंथालयात बसून पुढचे वाचले, आणि काही महिन्यांत स्वतःचा शोधनिबंध केंब्रिजला राल्फ फाउलर यांच्याकडे पाठवला. तो १९२९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे ताऱ्यांच्या अंताविषयी त्यांनी जे केले, आणि १९८३ मध्ये ज्यासाठी नोबेल मिळाले, त्याची वाट याच नव्या सांख्यिकीतून गेली.

या भेटीत विद्यार्थ्याला मिळाले ते एक वाईट वर्तमान आणि एक कच्चा कागद. 'तुझे ज्ञान शिळे आहे' हे आजच्या कोणत्याही प्रेरणादायी व्याख्यानात उच्चारले जाणार नाही, संयोजकांना ते चालणारच नाही. पण विद्यार्थ्याला बरोबरीच्या नात्याने वागवणे म्हणजे हेच. सोमरफेल्ड यांनी त्याला श्रोता मानले नाही. पुढचे पान वाचू शकणारा वाचक मानले.

आता या गोष्टीचीही पोथी होऊ नये म्हणून तिची दुसरी बाजू सांगणे भाग आहे. चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे. घरात शिक्षण होते, इंग्रजी होते, बाहेरून आलेल्या जर्मन प्राध्यापकाला हॉटेलवर गाठता येते ही कल्पना मनात येण्याजोगे वातावरण होते. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातून बसने आलेली, घरातली पहिलीच पदवीपर्यंत पोचलेली मुलगी पाहुण्यांच्या विश्रामगृहापर्यंत जाईल काय? गेली तर दारावरचा शिपाई तिला आत सोडील काय? कार्यक्रमात तिची जागा पंधराव्या रांगेत असते. पहिल्या दोन रांगा पदाधिकाऱ्यांच्या. ज्या भेटीवर तिचे भवितव्य फिरू शकते, ती भेट आम्ही तिच्या धिटाईवर सोडून देतो आणि स्वतः मात्र हारतुऱ्यांची व्यवस्था पाहतो.

या मुलीच्या संदर्भात आणखी एक दार आठवते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि चुलते याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एवढेच की अर्जदार स्त्री होती. कमलाबाई बंगळूरला जाऊन ठाण मांडून बसल्या आणि सत्याग्रहाची भाषा त्यांनी केली. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, आणि तुमच्या असण्याने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे मत पालटले आणि पुढे इतर स्त्रियांनाही तेथे वाट मिळाली. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, कमला सोहोनी या नावाने आपण त्यांना ओळखतो. मराठी वाचकाला त्यांची आणखी एक ओळख आहे: १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांची ही बहीण.

रामन यांच्या थोरवीला या प्रसंगाने उणेपणा येतो की नाही, हा वाद आम्ही येथे घालत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. रामन हे प्रभावी वक्ते होते. समजा, १९३३ साली ते मुंबईला आले असते आणि कमलाबाई त्या सभागृहात बसल्या असत्या, तर त्यांना प्रेरणा नक्कीच मिळाली असती. तिचे त्यांनी काय केले असते? प्रेरणेची त्यांच्याकडे कधीच कमतरता नव्हती. कमतरता होती ती प्रवेशाची, आणि तो देणे एका सहीचे काम होते. दर २८ फेब्रुवारीला ज्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, त्यांच्या दारात एका विद्यार्थिनीला धरणे धरावे लागले, हे त्या दिवशीच्या भाषणांत सांगितले गेले, तर तो दिवस अधिक वैज्ञानिक होईल.

थोरवीपुढे मान तुकवायला शिकवणे हे विज्ञानाच्या प्रकृतीलाही मानवणारे नाही. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत याच चंद्रशेखर यांनी आपले निष्कर्ष मांडले, आणि लगेच उठून सर आर्थर एडिंग्टन यांनी त्यांची खिल्ली उडवली. एडिंग्टन त्या काळचे विज्ञानाचे सर्वांत लोकप्रिय भाष्यकार, वाक्पटू, विनोदाची जाण असलेले. सभागृह हसले. चुकले होते एडिंग्टन. त्या सभेत श्रोत्यांनी आज आमचे विद्यार्थी बजावतात तेच कर्तव्य बजावले: थोर माणूस बोलला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या व्याख्यानात प्रश्नांना वेळ ठेवलेला नाही ते व्याख्यान विज्ञानाविषयीचे असूच शकत नाही, असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी.

यावर नेहमीचे उत्तर असे येते, की हजारांत एखादा तरी पेटून उठेल, तेवढे पुरे. हा युक्तिवाद दिसतो उदार, पण तो उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना गृहीत धरतो. शिवाय तो एक जण पेटून उठल्यावर जातो कुठे? वर्गात जातो, तेव्हा शिकवायला तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक असतो, ज्याला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही. प्रयोगशाळेत जातो, तेव्हा उपकरणावर आच्छादन असते आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. ग्रंथालयात जातो, तेव्हा नियतकालिके बंद झालेली असतात. मद्रासला सोमरफेल्ड यांच्या मुद्रितांचा उपयोग झाला, कारण त्यापुढचे वाचन करायला ग्रंथालय होते. आमच्याकडे वर्षानुवर्षे प्राध्यापकांची पदे भरली जात नाहीत आणि प्रेरणेचे कार्यक्रम मात्र वाढतात, या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांच्या निरागसतेचा आम्हांस हेवा वाटतो. पद भरायला वेतन लागते. प्रेरणेला शाल पुरते.

सरकारी योजनेच्या नावातही हेच दिसते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००८ च्या डिसेंबरात एक योजना आणली आणि इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे अशी जुळवली, की नाव झाले 'इन्स्पायर'. तिच्या एका भागात विज्ञान घेणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८० हजार रुपयांची शिष्यवृत्ती होती. दुसऱ्या भागात दहावीच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांसाठी पाच दिवसांची शिबिरे होती, जेथे नामांकित शास्त्रज्ञ त्यांना भेटणार होते. ज्यांनी ती शिष्यवृत्ती मिळवली त्यांना विचारा, दोहोंतले काय उपयोगी पडले. घरून पैसे मागावे लागले नाहीत, वसतिगृह सोडावे लागले नाही, लग्नाची घाई टळली, ही उत्तरे ऐकू येतील. नाव मात्र योजनेला दुसऱ्या भागावरून पडले.

मग शास्त्रज्ञांनी विद्यापीठात येऊच नये काय? जरूर यावे. कसे यावे, याचा वस्तुपाठ आपल्याच गावात घडून गेला आहे. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्यावरच्या लेखांत पुरस्कारांची यादी पुष्कळ आली. आम्हांस दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली लहान आहे. व्याख्यान संपल्यावर मुले वह्या घेऊन स्वाक्षरीसाठी भोवती जमत. नारळीकर त्यांना सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर पाठवीन, त्याखाली स्वाक्षरी असेल. या एका अटीने दर्शनाची रांग मोडली. स्वाक्षरी हवी तर आधी विचार करावा लागे, तो स्वतःच्या शब्दांत लिहावा लागे, आणि तो मराठीत लिहिला तरी चाले. विज्ञानाला मराठीत प्रश्न विचारता येतो, हे ज्या मुलाने अनुभवले त्याला मराठीच्या सामर्थ्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. हे नारळीकरांना जमले, कारण ती भाषा त्यांनी स्वतः राबवली होती. 'कृष्णविवर' ही पहिली विज्ञानकथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, थोरवी बाजूला ठेवून.

दुसरी गोष्ट मोठी आहे. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या नेतृत्वाखाली आयुका उभी राहिली. नावातच तिचे प्रयोजन आहे, आंतरविद्यापीठ केंद्र. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या, महाविद्यालयातल्या शिक्षकाने तेथे यावे, राहावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावे, कुणाबरोबर तरी एखादा प्रश्न सोडवावा आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना त्यात ओढावे. थोरांनी दोन तास विद्यापीठात जाण्याऐवजी शिक्षकांनी अनेक आठवडे थोरांच्या कामाच्या जागी जाऊन बसायचे. विद्यार्थ्याला वर्षभर भेटणारा माणूस शिक्षक आहे, पाहुणा नव्हे, हे साधे सत्य ज्याने संस्थेच्या घडणीतच बसवले, त्याला आम्ही प्रेरणा देणारा म्हणू, जर हा शब्द वापरायचाच असेल तर.

आम्हां साहित्यवाल्यांनी मात्र फार हसू नये. 'लेखक आपल्या भेटीला' या मथळ्याखाली आम्ही दुसरे काय करतो? कवीला बोलावतो, त्याला बालपण विचारतो, पहिली कविता कशी सुचली ते विचारतो, आणि त्याच्या एकाही कवितेचे खाडाखोड केलेले हस्तलिखित विद्यार्थ्यांपुढे ठेवत नाही. पाहुण्याने आमच्या विद्यार्थ्याचा एखादा कच्चा निबंध वाचून त्यावर लाल शाई उमटवावी, अशी विनंती आमच्यापैकी कितीजणांनी केली आहे?

तेव्हा येत्या फेब्रुवारीसाठी आमच्या मागण्या थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. सत्कार नको. पाहुण्यांना दोन तासांऐवजी दोन दिवस ठेवून घ्यावे. एक तास त्यांनी अजून न सुटलेल्या प्रश्नाविषयी फळ्यावर बोलावे, आणि जेथे ते मराठी जाणतात तेथे मराठीत. पहिल्या दोन रांगा विद्यार्थ्यांना द्याव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहाचे दार उघडे असावे, आणि भेटीची वेळ सूचनाफलकावर लावलेली असावी, म्हणजे ती मिळवण्यासाठी कुणाला धीट असावे लागणार नाही. जाण्यापूर्वी पाहुण्यांनी विभागाच्या रिकाम्या पदांविषयी कुलगुरूंना एक लेखी प्रश्न विचारावा आणि त्याची प्रत विभागाच्या फलकावर लावावी. एवढे झाले तर निमंत्रणपत्रिकेवरून 'प्रेरणा' हा शब्द गाळला तरी कुणाचे काही अडणार नाही.